सात्यांची जागा आणि महाढाल

राखण करणाऱ्याला राखायची वस्तू आधी दाखवावी लागते, हा जगाचा नियम आहे. शेतावर जागल्या ठेवला तर त्याला बांध दाखवावा लागतो, दारात कुत्रा ठेवला तर त्याला माणसं दाखवावी लागतात. ज्याला काहीच दाखवायचं नसेल त्यानं राखणदार ठेवू नये. नियम इतका सोपा आहे की मनकर्णाबाईंना तो दुसरीतच कळला होता. त्यांचा मुलगा प्रणित सोळा वर्ग शिकला आणि राजुऱ्याच्या एका पतसंस्थेत पंख्याखाली, संगणकासमोर बसतो. त्याला तो अजून कळायचा आहे.

प्रणितविषयी मनकर्णाबाईंची तक्रार जुनी होती आणि नेमकी होती. हा पोरगा प्रश्न संपायच्या आत 'हो' म्हणतो. शाळेत मास्तरांनी "खिडकी कोणी फोडली?" असं विचारलं तेव्हा खिडकीपासून सर्वांत दूर बसलेला प्रणित 'हो' म्हणाला होता. लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांनी "बँडवाले आमच्याकडचे राहतील, वाजवतील तुमच्याकडे, चालेल ना?" असं विचारलं. 'ना' हे अक्षर हवेत असतानाच प्रणित 'हो' म्हणून मोकळा झाला. (बँड आला. त्याला तीनच गाणी येत होती आणि त्यातलं एक पंधरा ऑगस्टचं होतं.) पुढं हातात मोबाइल फोन आले. फोनवर एक चौकट उघडते, तिच्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं आणि खाली 'हो' असतो. प्रणितचा अंगठा त्या 'हो'वर डास मारावा तसा पडतो.

"अरे, काय लिवलं आहे ते तं पाय," मनकर्णाबाई म्हणत.

"काही नाई वो आई. सगळ्यायले येते ते."

सगळ्यांना येणाऱ्या गोष्टीची भीती नसते, असं सोळा वर्गांत शिकवतात.

मनकर्णाबाईंचं स्वतःचं शिक्षण दुसरी. तेही पूर्ण नाही, होळीपर्यंतचं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी देवळाच्या सभामंडपात साक्षरतेचा वर्ग निघाला, तिथं त्यांनी उरलेली अक्षरं उचलली आणि तेव्हापासून हाती आलेला एकही कागद वाचल्याशिवाय सोडला नाही. खताची पोती, डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट, एसटीत खिडकीच्या वरची सूचना, लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांची नावं, सगळं. बोट अक्षराखाली धरायचं, ओठ हलवायचे, ओळ संपली की पुन्हा एकदा ओळीच्या सुरुवातीला जाऊन खात्री करायची. पत्रिका वाचून होईपर्यंत कधीकधी लग्न लागून जाई. पण मधलं नाव सुटत नसे.

आता सात्यांविषयी. सात्या म्हणजे वारुळाजवळ उगवणारी, लांब दांड्याची पांढरी अळंबी. आषाढ सरता सरता ती येते, दोन-तीन महिने येत राहते आणि ज्यांनी ती खाल्ली त्यांना इतर भाज्यांविषयी फक्त सहानुभूती वाटते. मनकर्णाबाईंच्या गावाच्या, दोडझरीच्या, मागं जंगल सुरू होतं. त्या जंगलात सात्या कुठं उगवतात हे प्रत्येक घरातल्या एकाच बाईला माहीत असतं. ती जागा सासूनं सुनेला द्यायची, तीही सून पारखून, शक्यतो शेवटच्या आजारपणात. जमीन सातबाऱ्यावर असते, दागिने कपाटात असतात, पण सात्यांची जागा फक्त बाईच्या पायांत असते. तिचा नकाशा नाही, साक्षीदार नाही, वारसनोंद नाही. हा महाराष्ट्रातला एकमेव स्थावर मालमत्तेचा प्रकार असावा ज्यावर आजवर एकही दावा दाखल झालेला नाही.

या व्यवहाराला एक शिष्टाचारही आहे. कोणाच्या टोपलीत सात्या दिसल्या तर "कुठून आनल्या?" असं विचारायचं नसतं. ते पगार विचारण्यापेक्षा वाईट. तरी कोणी विचारलंच, तर त्याचं ठरलेलं उत्तर आहे: "जंगलातून."

मनकर्णाबाईंचे यजमान, कैलासवासी नानाजी, यांनी सत्तावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न एकदाच विचारला होता. त्यांना तेच उत्तर मिळालं. ते त्यांनी मान्य केलं आणि ते ती जागा न कळताच गेले. थोडक्यात, जागेची माहिती दोघांनाच होती. मनकर्णाबाईंना आणि वाघाला. (वाघानं आजपर्यंत कुठं तोंड उघडलेलं नाही.)

सून रिना घरात येऊन चार वर्षं झाली होती. पोरगी चांगली होती, कामाला वाघ होती, पण तिची आई सुगंधाबाई नाल्यापलीकडच्या गावात राहत होती. एकदा जागा रिनाला दिली की ती नाला ओलांडणार नाही याची हमी कोण देणार? म्हणून मनकर्णाबाईंनी पारख चालू ठेवली होती. सुगंधाबाईही दरवर्षी श्रावणात एखादी चक्कर मारून, विहिणीच्या चुलीवर काय शिजतंय ते नाकानं बघून जात होत्या. विचारत मात्र नव्हत्या. माणसं खानदानी होती.

अशा सुस्थितीत घरात महाढाल आली.

झालं असं की प्रणितनं आपला जुना फोन आईला दिला. भजन मंडळाच्या गटावर रोज सकाळी देव येत, फुलं येत, आणि एके दिवशी लाल अक्षरात निरोप आला की या फोनमध्ये सतरा विषाणू आहेत. मनकर्णाबाईंनी तो पूर्ण वाचला आणि फोन पाटावर ठेवून दोन दिवस त्याला कोणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, प्रणित नेहमीप्रमाणे राजुऱ्याहून घरी आला.

"फुकटचं ॲन्टिव्हायरस टाकून देतो, आई. महाढाल. एक नंबर आहे."

"फुकट काऊन?"

"फुकटच राह्यते ते."

"त्याचे पोट कायनं भरते मग?"

तोवर पहिली चौकट उघडली होती. महाढालला फोटो पाहायचे होते. हो. महाढालला सगळ्या नातेवाइकांचे नंबर हवे होते. हो. महाढालला ऐकू यायला हवं होतं. हो. मनकर्णाबाई कुठं आहेत हे महाढालला सदैव, महाढाल बंद असतानाही, माहीत असायला हवं होतं. हो.

"विषाणू का तुया मावशीच्या नंबरात लपून बसते?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"तपासा लागते न, आई."

शेवटची चौकट जरा मोठी होती. 'कुटुंब सुरक्षा' ही सोय वर्षभर मोफत हवी असल्यास कुटुंबातील किमान चार सदस्य जोडा. प्रणितनं स्वतःला जोडलं (महाढालनं त्याची नोंद 'कुटुंबप्रमुख' अशी केली, जे वाचून मनकर्णाबाईंच्या कपाळावर एक आठी आली ती अजून गेलेली नाही). आईला जोडलं, रिनाला जोडलं. चौथं कोणी सुचेना. मग त्यानं सासूला जोडलं. सुगंधाबाईंच्या फोनवर चौकट गेली, तिथं त्यांच्या धाकट्या मुलीनं 'हो' दाबलं आणि राष्ट्राच्या या टोकाला एक कुटुंब सुरक्षित झालं.

महाढालविषयी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कामाला ती चोख होती. रोज सकाळी सात वाजता तिचा अहवाल येई. 'तपासलेल्या फायली: ४,३१२. आढळलेले धोके: ०. आपण सुरक्षित आहात, मनकर्णाजी.' एवढं रोज सकाळी त्यांना नानाजींनीही कधी सांगितलं नव्हतं. जगात कोणता राखणदार रोज हिशेब देतो? वन खात्याचा देतो? नाही. कुत्रा तर मुळीच नाही. मनकर्णाबाई अहवाल बोट ठेवून वाचत, देवळात जाऊन इतर बायांना वाचून दाखवत, आणि हळूहळू दोडझरीत असं झालं की ज्या घरी महाढाल नाही त्या घराकडं लोक काळजीनं पाहू लागले.

महाढालचा स्वभावही मायाळू होता. मनकर्णाबाईंनी एकदा अंगणात "माया गुडघा लय ठणकून राह्यला" असं मोठ्यानं म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत फोनवर गुडघ्याच्या तेलाच्या चार जाहिराती आल्या. पोटच्या पोरानं चौकशी केली नव्हती. या तेलवाल्यांनी केली.

आषाढाच्या शेवटी हवा कोंदली, वारुळांवरची माती फुगली. मनकर्णाबाईंनी टोपली काढली.

"आई, फोन घेऊन जा," प्रणित म्हणाला. "वाघ-बिबट, काही झालं तं आमाले समजते तू कुठी आहेस."

हे वाक्य मनकर्णाबाईंनी ऐकलं. त्या वाचताना एक अक्षर सोडत नसत, पण ऐकताना, मुलानं काळजीनं म्हटलेलं असलं की, एखादं वाक्य त्यांच्याकडूनही निसटे. आई म्हणजे शेवटी आईच. त्यांनी फोन कमरेच्या पानाच्या चंचीत खोवला.

त्या दिवशी त्या ज्या रस्त्यानं जागेवर गेल्या तो रस्ता कोणत्याही गुप्तहेर खात्यानं अभ्यासावा असा होता. आधी हातात तांब्या घेऊन उलट्या दिशेला. मग शेजारच्या मुखरूच्या गोठ्यामागून, शेळी हरवल्याचा आवाज देत. (शेळी घरी बांधलेली होती.) मग नाल्यातून, पावलं उमटू नयेत म्हणून पाण्यातूनच. एका जागी थांबून मागं कोणी नाही ना हे पाहायला मोहाच्या झाडाआड दहा मिनिटं. गुराख्यापासून त्या वाचल्या, सरपण वेचणाऱ्या रुखमापासून वाचल्या, माकडांपासूनही वाचल्या. वारुळाला चिमूटभर कुंकू वाहिलं, सात्या काढल्या, नेहमीप्रमाणे चार-पाच मागं ठेवल्या, दुसऱ्याच वाटेनं घरी आल्या. कमरेला महाढाल होती. तिच्यापासून मात्र त्यांनी काही लपवलं नाही. लपवणार कसं, ती तर राखणीला होती.

दुसऱ्या खेपेला सात्या मिळाल्या. तिसऱ्या खेपेला वारुळाभोवती फक्त कापलेले बुंधे होते, विळ्यानं, एका रेषेत, मागं एकही न ठेवता.

मनकर्णाबाईंनी वाकून एकेक बुंधा पाहिला. मग त्यांनी शांतपणे संशयितांची यादी केली. यादीत एकच नाव होतं, ते वाघाचं. पण वाघ विळा वापरत नाही, म्हणून ते खोडावं लागलं.

त्याच दिवशी दुपारी सुगंधाबाई आल्या. हातात झाकणाचा डबा होता, अंगावर नवं लुगडं होतं, आणि चेहऱ्यावर तो भाव होता जो वरातीत फक्त वरमाईच्या चेहऱ्यावर असतो.

"घ्या ईनबाई, म्हटलं जराशी भाजी नेऊन द्यावं. आमच्याकडच्या सात्या."

मनकर्णाबाईंनी डबा उघडला. एक घास घेतला. त्या वारुळाची माती लाल, थोडी चुनखडीची. कितीही धुतलं तरी शेवटी दाताखाली एक कण राहतोच. तो कण त्यांनी एकतीस वर्षं ओळखला होता. तो दाताखाली आला. नानाजींना जे सत्तावीस वर्षांत कळलं नाही ते विहिणीनं पंधरा दिवसांत शिजवून, वर कोथिंबीर भुरभुरून आणलं होतं.

आणि मग मनकर्णाबाईंनी ते केलं जे दोडझरीच्या इतिहासात सभ्य बाईनं केलेलं नाही. त्यांनी विचारलं.

"कुठून आनल्या?"

सुगंधाबाईंनी पदर सावरला. एवढ्या वर्षांच्या श्रावणातल्या चकरांचं सगळं समाधान त्यांच्या आवाजात उतरलं.

"जंगलातून," त्या म्हणाल्या.

शिष्टाचार पूर्ण पाळला गेला होता. पण जिंकलेला माणूस दोन शब्द जास्त बोलतो आणि तिथंच सापडतो. उंबऱ्यावरून उतरताना सुगंधाबाई मायेनं म्हणाल्या, "आन् ईनबाई, जपत जा वो जिवाले. परवाच्या दिवशी चाळीस मिन्टं एकाच जागी उभ्या होत्या तुमी. माया जीव खालीवर. म्हटलं, पाय दुखत असतीन."

शनिवारी प्रणित आला तेव्हा मनकर्णाबाईंनी पाणीही न देता फोन त्याच्यासमोर ठेवला.

"सुगंधाबाईले कसं समजलं मी कुठी उभी होती?"

प्रणितचा चेहरा उजळला. आईला एखादी सोय आवडली याचा त्याला आनंद झाला होता. त्यानं नकाशा उघडून दाखवला. हिरवं जंगल, त्यात चार ठिपके, प्रत्येक ठिपक्यावर एकेकाचा फोटो. मनकर्णाबाईंचा ठिपका भगवा होता. मागं त्याची रेघ उमटली होती. तांब्या घेऊन उलट दिशेला, गोठ्यामागून, नाल्यातून, मोहाच्या झाडाआड दहा मिनिटं, आणि मग वारूळ. रेघ इतकी सुबक होती की सासूबाईंनी मरताना सांगितलेला रस्तादेखील एवढा स्पष्ट नव्हता.

"सगळ्या कुटुंबाले दिसते," प्रणित म्हणाला. "सेफ्टी आहे."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"लिवलेलं राह्यते ना आई त्यात. अटी असतात. 'हो' म्हटलं की मान्य झालं."

"तू वाचल्या?"

"कोनी नाई वाचत, आई."

मनकर्णाबाईंनी चष्मा काढला, लुगड्याला पुसला, परत लावला.

"काढून दे मले त्या अटी."

(वाचकांपैकी ज्यांनी अशा अटी शेवटपर्यंत वाचल्या असतील त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. कोणी सोडलेला दिसत नाही.)

महाढालच्या अटी मराठीत होत्या, म्हणजे ती भाषा मराठीच्या शेजारी राहत असावी. एक्केचाळीस पानं. रिनानं त्या राजुऱ्याहून छापून आणल्या आणि मनकर्णाबाई ओसरीवर बसून, बोट ठेवून, ओठ हलवत, अकरा दिवस त्या वाचत होत्या. पहिल्या दिवशी प्रस्तावना झाली. चौथ्या दिवशी कलम सात: 'आपण आम्हास आपले स्थान प्रेमाने देता.' सहाव्या दिवशी कलम नऊ: 'सेवा मोफत असल्याने आपण नाराज होऊ शकत नाही.' आठव्या दिवशी कलम चौदा, पोटकलम ग: 'आपण जिथे थांबता तिथे का थांबता, हे जाणण्यास आमचे भागीदार उत्सुक आहेत.' त्याखाली भागीदारांची संख्या होती, तीनशे बारा. मनकर्णाबाईंनी रिनाला हाक मारली.

"तुया लग्नात किती पान जेवून उठलं होतं वं?"

"दोनशे ऐंशी असतीन, आई."

"मंग याचा गोतावळा लय मोठा आहे," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

अकराव्या दिवशी त्या शेवटच्या ओळीवर पोचल्या. ती अशी होती: 'आपण हे सर्व वाचले आहे असे आपण मान्य करता.' त्यांनी कागद गुंडाळून मांडीवर ठेवले. खोटं कुठंच नव्हतं. एक्केचाळीस पानांत एक शब्द खोटा नव्हता. त्यांनी आयुष्यात पुष्कळ लबाड माणसं पाहिली होती, पण इतकं खरं बोलणारा लबाड पहिल्यांदाच पाहत होत्या.

दरम्यान भागीदार स्वस्थ बसले नव्हते. पाचव्या दिवशी कुटुंबप्रमुखाच्या फोनवर एक चौकट आली होती. 'आपले कुटुंब या ठिकाणी वारंवार जाते. इतरांनाही दाखवायचे?' प्रणित त्या वेळी पतसंस्थेत चहा पीत होता. अंगठा पडला. तेव्हापासून आसपासच्या लोकांना 'तुमच्या जवळची निसर्गरम्य ठिकाणे' या सदरात मनकर्णाबाईंच्या सासूची, आजेसासूची आणि त्याआधीच्या ज्या बायांची नावंही कोणाला माहीत नाहीत त्यांची जागा दिसू लागली. नाव पडलं 'सात्या पॉइंट'. सरासरी चार पूर्णांक सहा तारे. अभिप्राय सदतीस. एकानं लिहिलं, 'जागा छान, शांतता आहे, कुटुंबासह अवश्य भेट द्या.' दुसऱ्यानं लिहिलं, 'पार्किंग नाही.' तिसऱ्यानं वाघाचे ठसे दिसल्याबद्दल एक तारा कमी केला होता.

मनकर्णाबाई रिनाला घेऊन तिथं गेल्या. आता तांब्याची गरज नव्हती, सरळ वाट पडली होती. वाटेत कुरकुऱ्यांची पाकिटं होती, त्यामुळं चुकायची भीती नव्हती. वारूळ फुटलं होतं. त्यावर पाय ठेवून फोटो काढता येतो हे कोणाच्या तरी लक्षात आलं असावं. मनकर्णाबाईंनी पाकिटं वेचली, ढेकळं पुन्हा रचून पाहिली, ती राहिनात. मग चंचीतून कुंकवाची पुडी काढली आणि राहिलेल्या मातीला चिमूटभर वाहिलं.

"आई," रिना म्हणाली, "मी कोनाले नाई सांगतलं. माया आईलेही नाई."

"तुले मालूमच कुठी होतं, पोरी."

"म्हनूनच सांगून राह्यली. मालूम असतं तरी नाई सांगतलं असतं."

मनकर्णाबाईंनी सुनेकडं पाहिलं. चार वर्षांची पारख तिथं, फुटक्या वारुळापाशी, संपली.

दुसऱ्या दिवशी त्या मुखरूच्या गोठ्यात गेल्या. मुखरूची चंदा नावाची म्हैस रवंथ करत उभी होती.

"काय गा मुखरू, तुयी म्हैस दिवसभर कुठी राह्यते?"

"कुठी राहीन, बाई. चरते, आन् दुपारी तयात पडते."

मनकर्णाबाईंनी आपला फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडात, आणि कापड चंदाच्या गळ्यात घंटेशेजारी बांधलं.

"बाई, म्हशीले फोन?" मुखरूचं तोंड उघडंच राहिलं. "अन् मायाकडं साधा डबडा आहे."

"तुयी म्हैस कोनालेच 'हो' म्हनत नाई. म्हनून तिले देऊन राह्यली."

रिनानं आपलाही फोन काढला आणि म्हशीच्या दुसऱ्या बाजूला बांधला. तोल साधला गेला. मग सासू-सून रिकाम्या हातांनी, म्हणजे टोपल्या घेऊन, जंगलात गेल्या आणि रोज जात राहिल्या.

याचे परिणाम व्यापक झाले. दोन्ही ठिपके दिवसभर तळ्यात दिसू लागल्यावर सुगंधाबाई आपल्या गावच्या अकरा बाया घेऊन, विळे-टोपल्यांसह, तळ्याच्या काठी आल्या. सात्या तळ्यात उगवतात ही माहिती कृषी शास्त्राला नवी होती, पण फोन दाखवत होता. त्या कंबरभर चिखलात तीन तास हिंडल्या. तिथं एक म्हैस बसलेली त्यांना दिसली होती, पण सगळ्यांचं लक्ष फोनकडं असल्यामुळं म्हशीची नोंद घेतली गेली नाही. संध्याकाळी सुगंधाबाईंनी प्रणितला फोन करून विचारलं, "तुमची आई बरी आहे ना वो? दुपारभर पान्यातच बसून राह्यते."

महाढालला मात्र काळजी नव्हती, कौतुक होतं. तिचे अहवाल आता कुटुंबप्रमुखाकडं जात होते. 'अभिनंदन! मनकर्णाजी आज नऊ किलोमीटर चालल्या आणि साडेतीन तास पोहल्या. आपल्या वयोगटात त्या जिल्ह्यात पहिल्या आहेत.' आठवड्याभरात भागीदारांनीही मनकर्णाबाईंना नीट ओळखलं. गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती बंद झाल्या. सरकीच्या ढेपेच्या सुरू झाल्या. मग जंतांचं औषध, मग गोचिडांची पावडर, आणि शेवटी एक अगदी आपुलकीचा प्रश्न: 'दूध कमी झाले आहे का, मनकर्णाजी?' आढळलेले धोके अर्थातच शून्य.

सासू-सुनेला नवी जागा मिळाली की नाही, हे इथं नमूद करण्याचा अधिकार लेखनकर्त्याला नाही. भाद्रपदातल्या एका रविवारी घरात एक विशिष्ट वास होता, एवढंच सांगता येतं. प्रणितनं ताटात पाहिलं, घास घेतला आणि विचारलं, "आई, कुठून आनल्या?"

"जंगलातून," सासू आणि सून एकदम म्हणाल्या.

प्रणितनं ताट संपवलं. त्याला वाईट वाटत होतं, हे खरं मानायला हरकत नाही. गेले कित्येक दिवस तो उपाय शोधत होता. हात धुवून त्यानं फोन काढला, आईजवळ येऊन बसला.

"आई, माही चूक झाली. पन मी आता बंदोबस्त केला. हे नवीन आलं आहे, याचं नाव 'पहारा'. हे महाढालवर नजर ठेवते. ती कोनाले काय सांगून राह्यली, सारं पकडते. एकदम फुकट."

पहिली चौकट उघडली होती. बारीक अक्षरं होती, खाली 'हो' होता. अंगठा वर उचललेला होता.

मनकर्णाबाईंनी तो अंगठा आपल्या मुठीत धरला. जोरात नाही, लहानपणी रस्ता ओलांडताना धरत तसा. दुसऱ्या हातानं मांडीखालची एक्केचाळीस पानं काढून त्याच्यापुढं ठेवली.

"आयक," त्या म्हणाल्या. "मी दुसरी शिकली, तेही पुरी नाई, होळीपर्यंत. मले एकेक अक्षर लावा लागते, म्हनून माया हातून एकही सुटत नाई. तू सोळा वर्ग शिकला. आपल्याले वाचता येते हे तुले पक्कं मालूम आहे, म्हनून तू वाचत नाई. अरे, चोराले अडान्याच्या घरी लपतछपत या लागते. शिकलेल्याच्या घरी तो दिवसाढवळ्या येते, काय काय नेनार ते एक्केचाईस पानं भरून लिवून देते, खाली अंगठ्याएवढी जागा सोडते, आन् म्हनते, 'म्हना हो.' आन् तुमी सारे म्हनता."